शालिग्रामची सातची गाडी

२ सप्टेंबर १९९६

काल डॉक्टर म्हणाले, पेशंटमध्ये रोज काय फरक पडतो ते कोणीतरी लिहून ठेवत जा. ललितने लगेच माझ्याकडे पाहिले. पॉवरलूमच्या कारखान्यात वायरमन म्हणून एकतीस वर्षे लॉगबुक भरले, तेव्हा लिहायचे काम माझ्या गळ्यात पडणार हे उघडच होते. लॉगबुकात मोटर जळाली, फ्यूज उडाला, एवढेच लिहायचो. या वहीत मनातलेही लिहावे म्हणतो. डॉक्टरांसाठी वेगळा कागद करीन.

पेशंट म्हणजे शालिग्राम, मालगाडीचा रिटायर गार्ड, माझा नऊ वर्षांचा दोस्त. ललित त्याचा मुलगा. जुलैत एका सकाळी शालिग्राम दाढी करता करता आरशासमोरच खाली बसला, तो उठलाच नाही. उजवे अंग लकव्याने गेले, वाचाही गेली. आता तोंडातून 'हां' एवढा एकच शब्द निघतो. भूक लागली का विचारा, हां. जेवण झाले का विचारा, तरी हां. पण ऐकू येते, समजते सगळे, असे डॉक्टर सांगतात. दवाखान्यातून गोडादऱ्यातल्या त्याच्या घरी आणून आज पाच दिवस झाले.

तो बरा होईल अशी माझी खात्री आहे. कशावरून ते मला सांगता येणार नाही. माझी बायको मंदा आजारी होती तेव्हाही मला अशीच खात्री होती, पण ते वेगळे.

५ सप्टेंबर

शालिग्रामकडच्या मागच्या खोलीचे कुलूप आज काढले. दीड महिना आमची गाडी बंद होती.

ही खेळण्यातली गाडी नव्हे, असे शालिग्राम येईल त्याला बजावायचा आणि लोक हसायचे. दोन पलंग मावतील एवढ्या फळीवर उधना ते बेटावद अशी ताप्ती लाईन आम्ही दोघांनी हाताने बसवली आहे. इंजिन वीतभर लांब, जर्मन बनावटीचे. नानपुऱ्यातल्या एका पारशी म्हाताऱ्याने घर आवरताना ते शालिग्रामला दिले. डबे आम्ही पत्र्याचे केले. नवापूरकडचे डोंगर गोणपाट आणि प्लास्टरचे. बेटावद शेवटचे स्टेशन, कारण ते शालिग्रामचे गाव. माझे दोंडाईचे मधेच येऊन जाते. मी तक्रार केली तेव्हा त्याने तिथे तीन मिनिटांचा थांबा मंजूर केला, वरून उपकार केल्यासारखे तोंड केले.

सकाळचा शिरस्ता नऊ वर्षांत बदलला नाही. पावणेसहाला मी खोलीत हजर. आधी रूळ पुसायचे. घराच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना आहे, रात्रभर धाग्याचे तूस उडते, ते रुळांवर बसले की इंजिनाला करंट मिळत नाही. पुसायला स्पिरिट लागते, आणि गुजरातेत स्पिरिट मागितले की दुकानदार आधी आपल्या तोंडाचा वास घेतो. मग हादऱ्याने सैल झालेले खिळे दाबायचे. इंजेक्शनच्या सुईने चाकांना तेलाचा थेंब द्यायचा. सहाच्या ठोक्याला शालिग्राम इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, शिट्टी फुंकायचा, आणि मी रेग्युलेटर फिरवायचो. सव्वासातपर्यंत तीन फेऱ्या, मग त्याच्या बायकोचा, उषावहिनींचा, चहा.

आज हे सगळे एकट्याने केले. शिट्टी वाजवली नाही. गाडी नंदुरबारपर्यंत नीट गेली आणि मला रडू आले.

८ सप्टेंबर

शालिग्रामचा पलंग मागच्या खोलीत आणला. कल्पना माझी. सकाळी डोळे उघडले की समोर गाडी दिसेल, मन लागेल. उषावहिनींना पटले. ललितला नाही.

"काका, बाबांना थकवू नका," तो म्हणाला. "डॉक्टरे ना पाडी छे. हात परत येणार नाही असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. दिवाळी झाली की मी दोघांना बेटावदला पोचवतो. चिंधाकाकांकडे चार माणसं आहेत उचला-ठेवायला. इथं मी पलसाण्याला बारा तास डाइंगमध्ये, घरी आई एकटी."

चिंधा म्हणजे शालिग्रामचा धाकटा भाऊ. भला माणूस आहे. पण शालिग्रामला तिथे नेऊन ओसरीवर टाकतील आणि येणारे-जाणारे हळहळतील. मी ललितला म्हटले, दिवाळीला दोन महिने आहेत, तोवर बघू.  हल्लीच्या पोरांना घाई फार.

शालिग्राम गावी गेला तर मी पावणेसहाला उठून काय करू, हा विचारही मनात आला. तो डॉक्टरांच्या कागदावर लिहिणार नाही.

१२ सप्टेंबर

आज युक्ती सुचली. रेग्युलेटर मीच बनवलेला, पंख्याचे गोल बटण लावलेला. ते बटण हळूहळू फिरवत नेले की एक जागा अशी येते, जिथे इंजिन नुसते गुणगुणते, हलत नाही. त्यापुढे केसभर फिरले की चालू लागते. मी बटण बरोबर त्या जागी आणले आणि शालिग्रामचा उजवा हात त्यावर ठेवला. हाताला जोर नको, नुसती इच्छा झाली आणि बोट केसभर हलले तरी गाडी सुटेल.

पाठीशी तीन उशा लावून त्याला बसवले. साडेसहापासून पंधरा मिनिटे बसला. काही झाले नाही. पण नजर इंजिनावर होती.

१३ सप्टेंबर

आज गाडी चालली.

नीट लिहितो. पावणेसातला हात बटणावर ठेवला. मी दोन पावले लांब, वहिनी दारात. इंजिन गुणगुणत होते. सात वाजून दोन मिनिटांनी गाडी हलली. आधी मुंगीच्या पावलाने, मग बारडोली मागे टाकून थेट व्याऱ्यापर्यंत. माझा हात कुठेही नव्हता. मी हात मागे बांधून उभा होतो, देवाशप्पथ.

वहिनी धावत आल्या. "भाऊ, तुम्हना हात तठे नही व्हता ना?" मी दोन्ही हात दाखवले. त्यांनी पदर तोंडाला लावला. गाडी दहा मिनिटे चालली आणि मंद होत होत थांबली. थकला असणार.

उधना स्टेशनवरचा चिमुकला बल्बही तेव्हा उजळल्यासारखा वाटला. तो वेगळ्या वायरवर आहे, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी असेल.

मी कोपऱ्यावरून पेढे आणले. शालिग्रामच्या जिभेवर कणभर ठेवला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. नऊ वर्षांत मी त्याला रडताना पाहिले नव्हते. आनंद माणसाला असा हलवून सोडतो.

१७ सप्टेंबर

सलग पाचवा दिवस. शनिवारी ७.०१, रविवारी ७.०३, काल ७.०२, आज ७.०२. हात पावणेसातला ठेवा की साडेसहाला, हा आपला सातलाच गाडी सोडतो. गार्ड तो गार्डच. अर्धे अंग लुळे पडले, पण वेळेला पक्का. डॉक्टरांच्या कागदावर मी हे मुद्दाम अधोरेखित केले.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज हलली नाही. साडेसातपर्यंत वाट पाहिली. आमच्या भागात बुधवारी माग बंद असतात, घरात एवढी शांतता की त्याला गुंगी येत असावी. हरकत नाही, आठवड्याची एक सुट्टी त्यालाही पाहिजे.

१९ सप्टेंबर

७.०१. म्हटलेच होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा बुधवार, पुन्हा काही नाही. वहिनी म्हणतात मंगळवारी रात्री तेल लावते म्हणून हात सुस्तावतो. मी तेल सोमवारी लावायला सांगितले.

३० सप्टेंबर

आज नवीन गोष्ट. मी त्याला बसवून रूळ पुसत होतो, तर त्याने डावा हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघत होता.

झेंडी नसेल तर गार्डाने हाताने इशारा कसा द्यायचा, हे त्यानेच मला शिकवलेले. एक हात स्थिर धरला म्हणजे गाडी जाऊ द्या. थांबवायची असेल तर दोन्ही हात डोक्यावर उचलावे लागतात. एक हात वर, म्हणजे जाऊ द्या. मी म्हटले, बरं साहेब, आणि रेग्युलेटर चालू केला. त्याने हात बराच वेळ खाली घेतला नाही, शेवटी मीच धरून खाली ठेवला. हुरूप आला आहे त्याला.

४ ऑक्टोबर

अर्धा तास पुरत नाही असे माझे मत झाले. जितका जास्त वेळ हात बटणावर राहील तितकी बोटांना सवय होईल. आता पावणेसहालाच त्याला बसवतो, थेट सव्वासातपर्यंत. हात घसरतो, म्हणून वहिनींनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली, ती हलकेच बांधतो.

जोर लावताना चेहरा फार वेडावाकडा करतो. दात आवळतो, डावीकडे कलंडायला बघतो. मी सरळ करून बसवतो. मेहनतीशिवाय काही मिळत नाही, हे मी त्याला रोज सांगतो. तो हां म्हणतो.

६ ऑक्टोबर

ललितशी भांडण झाले. लिहायला नको वाटते, पण लिहितो.

त्याची रविवारची सुट्टी. मी त्याला सकाळी सातला मागच्या खोलीत उभे केले आणि म्हटले, बघ. गाडी चालली. तो वाकून शालिग्रामच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, बाबांच्या बोटांकडे बघा ना, गाडीकडे काय बघता? बोट हललं का?"

मी म्हटले, केसभर हलते, ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर गाडी लावली.

"मग डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा का नाही हललं?"

मी रागावलो. एकतीस वर्षे मशिनरीत घालवलेल्या माणसाला हा कालचा पोरगा शिकवतो. मी बोलून गेलो की तुला बापाला गावी टाकून मोकळे व्हायचे आहे. हे बोलायला नको होते. त्याचा चेहरा एकदम पडला. तो आईकडे वळला, "आई, तू सांग. दिवाळीनंतर जायचं की नाही?"

वहिनींनी शालिग्रामच्या हाताची पट्टी सोडली. मग म्हणाल्या, "मी कथी जावाव नही. त्यासना हात आठे चालना, आठेच ऱ्हासूत. भाऊ वायरमन शेतस, त्यासले समजस."

त्या जायला नाही म्हणाल्या आणि मला फार बरे वाटले. हे खरे आहे ते लिहितो.

११ ऑक्टोबर

ललित आणि त्याची बायको हर्षदा पलसाण्याला राहायला गेले. कंपनीची खोली मिळाली म्हणे. जाताना शालिग्रामच्या पाया पडला, माझ्याकडे पाहिले नाही. बेटावदला चिंधाला कळवून टाकले की आम्ही येत नाही.

घर मोठे झाल्यासारखे वाटते. आता सकाळी मी आणि दिवसभर वहिनी.

१७ ऑक्टोबर

७.०२. वहिनी थकलेल्या दिसतात. आता रूळ त्याच पुसून ठेवतात, मी येण्याआधी. म्हणतात, तेवढाच हातभार. खिळेही दाबून ठेवतात. नऊ वर्षे या खोलीला त्या भंगाराचे दुकान म्हणत आल्या, आणि आता स्पिरिटचा बोळा घेऊन नंदुरबार पुसतात. शालिग्राम बोलता असता तर त्याने टोमणा मारला असता.

पलंगाच्या चादरीवर पिवळट डाग दिसला. त्यांनी विचारले इंजिनाचे तेल सांडले का. सांडले असेल.

दसरा

माग पुजले, आज सगळीकडे बंद. गाडीही हलली नाही. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही हे त्याला बरोबर आठवले, असे मी वहिनींना म्हटले आणि आम्ही दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

२८ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. हात-पाय तपासले, घाईत होते, पाठ पाहिली नाही. माझा कागद वाचला. "रोज सात वाजता?" म्हणाले. मी म्हटले, रोज, बुधवार सोडून. ते माझ्याकडे जरा वेगळे बघत होते. मग म्हणाले, काका, तुम्ही फार प्रेमाने करता. शाबासकी दिली असे मी समजतो, पण जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे समजणाऱ्या माणसासारखे मन उगाच अडखळत राहिले.

लक्ष्मीपूजन

परवापासून दिवाळीची सुट्टी. कारीगर गावोगाव गेले, गल्ली सुनी. भिंतीपलीकडचा खडखडाट नाही म्हणून मला झोपच आली नाही.

तीन दिवस झाले, हात हललेला नाही. आजही दीड तास बसवले. ललित फराळ घेऊन आला, दारातूनच परत गेला.

१४ नोव्हेंबर

आज सातवा दिवस. काही नाही. पट्टी घट्ट बांधून पाहिली, सैल बांधून पाहिली. रेग्युलेटर उघडून जोड तपासले, सगळे ठीक. गुणगुणण्याची जागा मात्र रोजच्यापेक्षा बरीच अलीकडे येते आहे. का ते समजले नाही, फार विचारही केला नाही.

वहिनींनी विचारले, "भाऊ, इतला दिन व्हई ग्यात, हात काबं हालत नही?"

मी म्हटले, सणाचा शीण. त्या म्हणाल्या, मी देवीला बोलले होते, ते फेडायचे राहिले, म्हणून असेल. त्यांच्या आवाजात असे काही होते की मला घरी यावेसे वाटले. शालिग्राम दिवसभर डोळे मिटून असतो. त्याने हिंमत सोडली की काय अशी भीती वाटते. भीती वाटते म्हणजे काय, मला दुसरे काही सुचतच नाही.

१८ नोव्हेंबर

आज जे झाले ते आजच लिहिले पाहिजे, उद्या मी त्याला काहीतरी रंग देईन.

काल संध्याकाळपासून शेजारचा कारखाना सुरू झाला. मी नेहमीप्रमाणे पावणेसहाला गेलो. शालिग्रामला बसवू गेलो तर तो ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. म्हणून तसाच पडू दिला. सव्वासहा, साडेसहा झाले. रेग्युलेटर मी गुणगुणण्याच्या जागी आणून ठेवला होता, म्हटले जरा शांत झाला की हात ठेवू. तेवढ्यात वहिनींना चादर ओली लागली.

"भाऊ, जरा हात लावा. त्यासले कुशीवर करनं शे."

आम्ही दोघांनी मिळून त्याला भिंतीकडे वळवले. सदरा पाठीला चिकटलेला होता. तो सोडवला. माकडहाडावर वाटीएवढी जखम. आतले काळे पडलेले, कडेने पू. ते पिवळे डाग कशाचे होते ते मला कळले. दीड महिना रोज दीड-दीड तास आम्ही त्याला ज्यावर बसवत होतो, ते हे.  वहिनींनी तळवा जखमेजवळ नेला आणि टेकवला नाही.

आणि आमच्या पाठीमागे गाडी चालू झाली.

मी वळून पाहिले. बटणावर कोणाचाही हात नव्हता. पट्टी खुर्चीवर लोंबत होती. शालिग्राम भिंतीकडे तोंड करून पडलेला. गाडी उधन्याहून निघून बारडोलीच्या वळणाला लागली होती, स्टेशनचा बल्ब लख्ख उजळला होता, डोक्यावरचा मोठा बल्बही. आणि भिंतीपलीकडे एकदम शांत झाले होते. घड्याळात सात वाजून दोन मिनिटे.

सातला पाळी बदलते. रात्रपाळीचे कारीगर माग थांबवतात, दिवसपाळीचे तेल देऊन पुन्हा सुरू करतात. मधली दहा मिनिटे सगळ्या गल्लीचे माग उभे. लाईनवरचा भार जातो आणि व्होल्टेज चढते. ज्या इंजिनाला चालायला केसभर करंट कमी पडत होता, त्याला तो मिळतो. माग सुरू झाले की व्होल्टेज उतरते आणि गाडी थांबते. बुधवारी माग बंद, दसऱ्याला बंद, दिवाळीत बंद, म्हणजे व्होल्टेज आधीच चढलेले, सातला आणखी चढायला काही उरत नाही.

एकतीस वर्षे रोज सकाळी सातला मी बोर्डापुढे उभा राहून मीटरचा काटा चढताना बघत आलो. तेच माझे काम होते. दुसऱ्या कोणाला हे कळले नसते तर चालले असते. मला कळायला हवे होते.

मी वहिनींना सांगितले. उभ्या उभ्या, सगळे, बुधवारसुद्धा. त्यांना समजावे म्हणून वरच्या बल्बकडे बोट दाखवले. दहा मिनिटांनी खडखडाट सुरू झाला, बल्ब मंदावला, गाडी व्याऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. त्यांना समजले. मला वाटले त्या मला बोलतील, मला ते हवेही होते. त्यांनी शालिग्रामच्या पाठीकडे पाहिले आणि विचारले, "मंग त्यासले माहीत व्हतं का? पहिला दिनपाईन?"

मी हा विचार केलाच नव्हता.

हात त्याचा होता. आपण बोट हलवले की नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तीस वर्षे तो याच भिंतीशी राहिला, सातला दिवे उजळतात हे त्याला माझ्याइतकेच माहीत. पहिल्या दिवशी मी हात मागे बांधून उभा होतो आणि वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, तेव्हा त्या खोलीत खरे काय ते एकट्या शालिग्रामला कळत होते. आम्ही त्याच्या जिभेवर पेढा ठेवला.

२० नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत गेली आहे. भरेल की नाही सांगता येत नाही. साखर आहे त्याला, तेव्हा कठीण. आता बसवायचे नाही, प्रवास तर नाहीच. बेटावदचा विषय संपला. माझ्यामुळे संपला.

पलसाण्याला जाऊन ललितला सगळे सांगितले. गेटजवळ उभा राहून त्याने ऐकले, हात निळ्या रंगाने माखलेले. मी म्हटले, तू म्हणत होतास ते बरोबर होते. त्याला त्याचा काही आनंद झाला नाही. म्हणाला, "काका, मलाही एक-दोनदा खरं वाटलं होतं." मग पाळीचा भोंगा झाला आणि तो आत गेला.

२४ नोव्हेंबर

वहिनी मला येऊ नका म्हणतील अशी मी चार दिवस वाट पाहिली. त्या म्हणत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि त्याला दोन माणसे लागतात. ललित रात्री येतो, सकाळचा मी. पावणेसहाला जातो. रूळ कोणी पुसत नाही, त्यांच्यावर तूस साठले आहे. आधी कूस, मग जखम धुणे, पावडर, पट्टी. वहिनी माझ्याशी कामापुरते बोलतात.

मी त्याची माफी मागितली. माहीत होते का तुला, असेही विचारले. हां म्हणाला. तो सगळ्यालाच हां म्हणतो.

१ डिसेंबर

ताप आहे. जखम मोठी झाली. डॉक्टरांनी औषध बदलले, तोंडावरून काही आशा दिसली नाही. वास येतो, वहिनी उदबत्ती लावतात.

आज पट्टी करताना शालिग्रामने डावा हात हळूहळू सरकवत आणला आणि माझ्या मनगटावर ठेवला. बराच वेळ ठेवला. घरी येताना वाटेत मी वाक्यसुद्धा तयार केले होते, त्याने मला माफ केले असे. वही उघडल्यावर ते लिहवेना. तीन महिने त्याच्या हातांचे अर्थ मीच लावत आलो.

हात ठेवला, एवढेच लिहितो.